न उतरणारी ठणक

पाण्यानं भरलेला तांब्या डोक्यावर नेताना कल्याणप्पाचा हात खांद्यापाशीच अडला आणि तांब्या न्हाणीच्या दगडावर आदळला. आवाज ऐकून महादेवी चुलीपासून उठली. ती दारात आली तेव्हा तिचा नवरा उजवा दंड डाव्या हातानं दाबून उभा होता आणि पडलेल्या तांब्याकडं असा बघत होता, जसा काही तो दुसऱ्याच कुणाच्या हातून पडला होता. तिनं तांब्या उचलून भरला आणि त्याच्या अंगावर पाणी घातलं. पाठीवरून हात फिरला की तो अंग चोरायचा. तालमीत जाऊन त्याला चार दिवस झाले होते, आणि चार दिवसांपूर्वीच्या मेहनतीची ठणक अजून अंगातून उतरली नव्हती.

महादेवी घाबरली ती त्या सकाळी.

पैलवानाचं अंग दुखतंच, हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. जोर-बैठका मारून आला की दुसऱ्या दिवशी कल्याणप्पा उंबरा ओलांडतानाही कण्हायचा, आणि तिसऱ्या दिवशी हसत हसत ज्वारीचं पोतं पाठीवर घ्यायचा. दुखून उठलेलं अंग आधीपेक्षा भरून यायचं. सोलापूरहून हैदराबादेला जाणाऱ्या सडकेवर जळकोट हे गाव, आणि त्या सडकेनं जाणारे गाडीवानसुद्धा तालमीपाशी थांबून त्याची पाठ बघून जायचे. चैत्रात येरमाळ्याला येडाईच्या जत्रेत अक्कलकोटकडच्या बिराप्पाशी त्याची जोड ठरली होती. दोघांपैकी कोण, यावर दोन तालुक्यांत पैजा लागल्या होत्या.

या हिवाळ्यापासून मात्र दुखणं यायचं ते जायचं नाव घेत नव्हतं. मांड्या आधी भरीव होत्या, त्या आता हाताला सैल लागायच्या. भूक मेली होती. दूध-बदामाचा खुराक तो डोळे मिटून औषधासारखा गिळायचा. कधी भर दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या पेंगायचा, कधी नुसताच भिंतीकडं बघत राहायचा.

याची सुरुवात कुठं झाली हे गावात फक्त महादेवीला ठाऊक होतं, आणि ते बोलायची तिला चोरी होती.

दिवाळी सरल्यावर गावात गालगुंडाची साथ आली होती. पोरांचे गाल फुगले, घरोघरी हळद-चुन्याचे लेप लागले. कल्याणप्पालाही तेच झालं तेव्हा तालमीतली मंडळी हसली. एवढा दांडगा गडी, आणि पोरासोरांचं दुखणं. गालाची सूज उतरली, पण ताप उलटून चढला. त्यानं दार लोटून महादेवीला जवळ बोलावलं आणि जे कुणाला दाखवायचं नसतं ते दाखवलं. सूज खाली उतरली होती. दोन्हीकडं फुगून लालभडक झालं होतं आणि वेदनेनं तो उशी चावत होता. ती एरंडाची पानं चुलीवर गरम करून देत राहिली. त्या तापातच त्यानं तिला गळ्यातलं इष्टलिंग हातात धरायला लावलं आणि शपथ घातली: अव्वाला सांगायचं न्हाय, वस्तादांना सांगायचं न्हाय, कुणालाच न्हाय. तिनं शपथ घेतली. यथावकाश ताप गेला, सूजही गेली. पण त्यानंतर तो तिच्याजवळ म्हणून कधी आला नाही.

तालमीचे वस्ताद बब्रुवान. मनानं चांगला माणूस, पण पैलवानाची ताकद एकाच ठिकाणी साठते आणि एकाच वाटेनं गळते, यापलीकडं त्यांचं शास्त्र जात नव्हतं. लंगोटाचा पक्का तो गडी, बाकी सगळे पालापाचोळा. कल्याणप्पाच्या लग्नालाच त्यांचा विरोध होता. पण त्याची आई, अव्वा शिवम्मा, पडली विधवा, एकुलत्या एका मुलाचं घर मांडल्याशिवाय तिला चैन नव्हतं. तिनं अळंदहून महादेवीला सून करून आणली, तेव्हा वस्तादांनी अक्षता टाकल्या आणि जेवण न करताच निघून गेले होते.

आता त्यांना कारण शोधायची गरज पडली नाही. एका संध्याकाळी ते ओसरीवर आले, शिवम्माला बाजूला घेऊन बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून महादेवीचं अंथरूण सासूच्या खोलीत गेलं. त्यानंही गडी सुधारेना, तेव्हा शिवम्माच्या मनात वेगळंच काही येऊ लागलं. आडावर पाणी शेंदायला महादेवी गेली की बायांचं बोलणं तुटायचं. दाढी करायला आलेला न्हावी एकदा हसत म्हणून गेला होता की पैलवानाची दाढी हल्ली पोरासारखी विरळ येती, वस्तरा लावायचंही काम न्हाय. ते बोलणं गावभर झालं. अळंदच्या पोरीनं पैलवान आतून पोखरला, असं कुणी म्हणालं. आणि कुणी असंही म्हणालं की कानडी मुलखातल्या बाया काय काय खायला घालतात, कुणी बघितलंय.

रझाकारांच्या वर्षी महादेवी नऊ-दहा वर्षांची होती. अळंदला आईसोबत धान्याच्या पेवात लपून तिनं घोड्यांच्या टापा ऐकल्या होत्या. तिला वाटायचं, त्याहून मोठी भीती आपल्याला आता कधी भेटणार नाही. पण तेव्हा आई शेजारी होती, आणि ज्याला भ्यायचं तो बाहेर होता. इथं ती ज्यांच्या ताटात वाढत होती तीच माणसं तिच्या हाताकडं बघत जेवायची. शिवम्मा तर तिनं विरजलेलं दूध आधी मांजरापुढं ठेवू लागली.

माघ उलटला तसा सासूनं निर्णय सांगितला. येत्या बाजाराच्या दिवशी गाडी जुंपायची, महादेवीनं माहेरी जायचं. चैत्र झाला की पुढचं बघू.

'बघू' हा शब्द महादेवीनं आधी ऐकला होता. अळंदला तिच्या गल्लीत अशी एक बाई होती, जिला सासरच्यांनी 'बघू' म्हणून धाडली होती. तिचे केस पिकले तरी गाडी आली नव्हती. दुपारी शिवम्मा शेजारी गेल्याची संधी साधून ती नवऱ्यापुढं उभी राहिली.

"अवो, तुमी तर माज्याजवळ येतबी न्हाय," ती म्हणाली. "मग माजा काय गुन्हा? एवढंच सांगा अव्वांना."

कल्याणप्पानं मान वर केली नाही. "ते सांगितलं तर लोक इचारतील, का येत न्हाईस. मग म्या तोंड कुठं दाखवू?"

तिला राग यायला हवा होता, पण आली ती धास्ती. त्याचा आवाज पातळ झाला होता. जो माणूस शिंगं धरून बैल थोपवायचा, तो खरं बोलायला भीत होता, आणि त्या भीतीपायी तिला घालवून द्यायला तयार होता.

बाजाराचा दिवस यायच्या आतच ते घडलं.

वस्तादांनी ठरवलं की गड्याच्या अंगात आळस मुरलाय आणि तो घामाशिवाय निघणार नाही. त्या दिवशी उजाडल्यापासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत त्यांनी कल्याणप्पाला घोळसून काढला. बैठका झाल्या, जोर झाले, कुस्तीच्या हौद्यातली सगळी माती खोऱ्यानं उपसून पुन्हा भरायला लावली, मग पुन्हा बैठका. मेहनतीत पाणी प्यायचं नाही हा तालमीचा दंडक, तोही पाळला. कल्याणप्पानं एका शब्दानं नाही म्हटलं नाही. त्यालाही मनातून वाटत होतं की हरामखोरी आपल्या अंगाचीच आहे. दोघांनी खांद्याला धरून त्याला घरी आणला, तेव्हा त्याच्या मांड्या फुगून दगडासारख्या झाल्या होत्या आणि कातडी ताणून चकाकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत धरत धरत तो गोठ्यामागं गेला. थोड्या वेळानं त्यानं महादेवीला हाक मारली. शेण भरत होती ती, तशीच पाटी टाकून धावली. तो भिंतीला टेकून उभा होता, कपाळ घामानं निथळलेलं.

"हे बघ," तो म्हणाला. "रगत हाय का हे?"

दगडावर ओघळ होता तो काताच्या पाण्यासारखा तांबूस काळा होता.

महादेवी वाकून बघत राहिली. असं काळं पाणी तिनं याआधी बघितलं होतं. अळंदला पेवाची भिंत ढासळून एक गडी अर्धा दिवस मातीखाली दबला होता. बाहेर काढला तेव्हा मांड्या सुजल्या होत्या, बाकी तो धडधाकट दिसत होता. पाणी मागत होता, बोलत होता. मग त्याला अशीच काळी लघवी झाली, पुढं ती होईनाशीच झाली, आणि आठवडा संपायच्या आत तो गेला.

शिवम्मानं ओघळ बघितला आणि कपाळावर हात मारून खाली बसली. करणी आहे म्हणाली, आता शंका उरली नाही. शेजारच्या पोराला तिनं देवऋष्याकडं पिटाळलं आणि लेकाच्या कपाळाला विभूती फासली. सुनेला तिनं घरात पाऊल टाकू दिलं नाही. अंगणात उभ्या उभ्या महादेवीला एवढंच कळत होतं की देवऋषी येईल, धुरी करील, निंबाचे डहाळे मारील, आणि तेवढ्यात दिवस जाईल. ती वळली आणि सडकेकडं पळत सुटली. डोक्यावरचा पदर कधी पडला तिला कळलं नाही.

भुईमुगाच्या पोत्यांचा एक ट्रक सोलापूरकडं निघाला होता. ती सडकेच्या मधोमध उभी राहिली. ड्रायव्हर हुमनाबादचा एक म्हातारा मुसलमान होता. आधी त्यानं शिव्या दिल्या, मग तिचं तोंड बघून थांबला आणि ती काय म्हणते ते ऐकून दुखणेकरी कुठं आहे विचारलं. ट्रक घरापुढं आला तसा वस्तादही धावत आले. गोठ्यामागचा दगड त्यांनी जाऊन बघितला. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला. शिवम्मा आडवी आली, तेव्हा त्यांनीच तिला बाजूला केलं, आपला पठ्ठ्या उचलून पोत्यांवर निजवला आणि तेही वर चढले.

निजामाच्या वेळी या वाटेवर करोडगिरीचा, जकातीचा नाका होता. आता मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता, नाका उठला होता, गाडी कुणी अडवत नव्हतं. तरी महादेवीला ती वाट सरता सरेना. कल्याणप्पाला पाणी पाजत, तो उत्तर देतो का हे बघायला ती त्याच्याशी एकसारखं काहीतरी बोलत राहिली.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याला निजवलं आणि हातात सुई खुपसून मिठाच्या पाण्याच्या बाटल्या लावल्या. डॉक्टर चष्मेवाले, कमी बोलणारे होते. त्यांनी वस्तादांकडून सगळी मेहनत वदवून घेतली आणि सांगितलं की पुढचे काही दिवस महत्त्वाचे. लघवी होत राहिली तर माणूस वाचला. पहिले दोन दिवस भांड्यात जेमतेम घोटभर यायची, तीही काळी. महादेवी ते भांडं उजेडात धरून बघायची. देवाजवळ तिनं काहीच मागितलं नाही, नवसाचे शब्दसुद्धा तिला सुचत नव्हते. मग एका सकाळी रंग उतरला आणि भांडं भरलं. नर्सनं ते हसून नेलं. महादेवी जाऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसली.

जीव वाचला तसे डॉक्टर पुन्हा आले. या खेपेला ते खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. त्यांना एक कोडं पडलं होतं. एवढी मेहनत वाईटच, पण तालमीतले गडी ती करतात आणि उठून उभे राहतात. या पैलवानाचे स्नायू इतके का तुटले, आणि त्याआधी तीन-चार महिने साधं दुखणं का भरून येत नव्हतं? बोलता बोलता त्यांनी त्याच्या हनुवटीवरून बोट फिरवलं, दंड दाबला, आणि विचारलं की गेल्या वर्षात काही मोठा ताप आला होता का.

"न्हाय," कल्याणप्पा म्हणाला.

कुठं सूज? न्हाय. कसली इजा? न्हाय. तो छताकडं बघत होता. डॉक्टरांनी मान हलवली आणि स्टूल मागं सरकवलं.

महादेवी भिंतीला टेकून उभी होती. गळ्यातल्या लिंगावर तिचा हात गेला. शपथ मोडली तर काय होतं हे तिला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं. नवरा टाकील हे वेगळंच. पण डॉक्टर उठले होते, आणि दारापर्यंत पोचले की परत यायचे नाहीत.

"आला हुता ताप," ती म्हणाली. "गालगुंडाचा. मग सूज खाली उतरली. दोनीकडं."

 कल्याणप्पानं डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी परत येऊन खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि तिला बाहेर थांबायला सांगितलं. पडदा सरकला तेव्हा कल्याणप्पा भिंतीकडं तोंड करून निजला होता.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते दोघांनाही कळेल अशा बेतानं सांगितलं. सोलापुरात मागावर कापड विणतात, ते बघितलंय ना, म्हणाले. मेहनत केली की स्नायूंचे बारीक धागे तुटतात. ठणक असते ती त्याचीच. माणूस विसावला की ते धागे नव्यानं विणले जातात, आधीपेक्षा जाड, म्हणून पैलवानाचं अंग भरतं. पण विणकराच्या पाठीशी मुकादम लागतो. पुरुषाच्या अंडात एक रस तयार होतो आणि तो रक्तातून सगळ्या अंगभर फिरून विणकाम करवून घेतो. दाढी-मिशा त्याच्याच, आवाजाचा दणका त्याचा, उमेदही बरीचशी त्याची. गालगुंडाच्या सुजेनं ती जागाच जळून गेली. मुकादम गेला. धागे तुटत राहिले, विणायला कुणी नव्हतं, आणि वर वस्ताद आणखी तोडायला लावत राहिले.

"बायकोजवळ गेल्यानं हे झालेलं नाही," ते म्हणाले. "जो रस मी म्हणतोय तो बाहेर जातच नाही. तो आतल्या आत रक्तात उतरतो. संसार केल्यानं तो आटत नाही आणि लंगोट बांधल्यानं साठत नाही."

महादेवीनं भीत भीत विचारलं की मग बायांचं काय; आपणही दिवसभर कडब्याच्या पेंढ्या उचलतो, पाणी शेंदतो, आणि सकाळी अंग मोकळं असतं.  बायांच्या अंगात वेगळा रस असतो, डॉक्टर म्हणाले. तो स्नायूंसाठी काय काय करतो ते अजून आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही. कल्याणप्पाला मात्र त्याचा रस बाहेरून देता येईल. तेलातलं इंजेक्शन असतं, आठवड्यातून दोनदा, बहुधा कायमचं. ताकद बरीचशी परतेल. सावकाश, आणि मेहनतीला विसावा दिला तरच. मूल होईल अशी आशा मात्र आपण देत नाही.

डॉक्टर गेल्यावर कल्याणप्पा पहिल्यांदा बोलला. आपल्याला वाटेतल्या एखाद्या विहिरीत ढकलून द्यायला हवं होतं, म्हणाला, इथं कशाला आणलंस. ती खाटेच्या पायाशी बसून राहिली. तो जे म्हणाला त्याची भीती तिला पुढं कितीतरी दिवस पुरली; घरी गेल्यावर आडापाशी तो उभा दिसला तरी ती हातातलं काम टाकून यायची.

व्हरांड्यात थांबलेल्या वस्तादांना एवढंच सांगितलं गेलं की उष्णता मूत्रपिंडात उतरली होती. गावातही तेच सांगितलं. सुई उकळायची कशी, तेल ओढायचं कसं, कुल्ल्याच्या कुठल्या भागात टोचायचं, हे नर्सनं महादेवीला शिकवून धाडलं. तिच्या माहेरी जायचा विषय दुखण्यात मागं पडला होता. शिवम्मा शेतात गेली की ती वाटीत काचेची पिचकारी उकळायची आणि बाटल्यांचा डबा उतरंडीच्या तळच्या मडक्यात लपवायची. सुई ती एका झटक्यात टोचायची. तो दातांवर दात दाबून तोंड फिरवायचा.

शिमगा झाला आणि एका दुपारी शिवम्मा शेतातून लवकर परतली. चुलीवरच्या वाटीत उकळणारी सुई तिनं बघितली. मग उतरंड उतरवली आणि डबा शोधला. बाटल्यांतलं पिवळट तेल उन्हात धरलं, आणि ती सुनेवर ओरडलीसुद्धा नाही. बाहेरून कडी घालून तिनं महादेवीला कोंडलं आणि वस्तादांना बोलवायला गेली.

कोंडलेल्या खोलीत महादेवी दाराकडं तोंड करून उभी राहिली. बाहेर अंगणात माणसं जमल्याचं तिला ऐकू येत होतं. खरं सांगितलं तर नवरा गेला. आडात जाईल, नाहीतर परागंदा होईल. न सांगावं तर आपण गेलो. करणी करणाऱ्या बाईचं काय करतात, हे तिनं लहानपणी एकदा पाहिलं होतं आणि त्या बाईचं नाव अजून तिच्या तोंडून निघत नव्हतं. दार उघडलं तेव्हा वस्ताद पुढं होते, हातात डबा.

"काय घालतीस त्याच्या अंगात?" त्यांनी विचारलं.

तिनं तोंड उघडलं नाही. शिवम्मानं दंड धरून हलवलं, तरी नाही. अंगणातल्या एका बाईनं मिरच्यांची धुरी द्यायला सांगितली, कुणीतरी शेगडी आणायला गेलंही. महादेवीनं दोन्ही हातांनी चौकट धरली.

कल्याणप्पा मळ्यातून आला तो गर्दी बघून धावतच आला. ओसरीवर चढताना तो धापा टाकत होता. वस्तादांच्या हातातला डबा, आईचा चेहरा, चौकट धरून उभी असलेली बायको, सगळं त्यानं बघितलं. क्षणभर तो मागं वळून पळणार असं महादेवीला वाटलं. त्याची नजर तशीच झाली होती. मग त्यानं वस्तादांच्या हातून डबा काढून घेतला.

"ते माजं औषध हाय," तो म्हणाला. "गालगुंडानं माजं पुरुषपण जळलं, वस्ताद. दिवाळीपासून म्या हिच्याजवळ गेलो न्हाय. हिला ठाऊक हुतं, आन् तुमी सगळे बोलत असताना ही गप बसली. आता काय इचारायचं ते मला इचारा."

 शिवम्मा भिंत धरत धरत खाली बसली.  वस्ताद कल्याणप्पाच्या मांड्यांकडं बघत राहिले, मग अंगणातल्या लोकांना त्यांनी हातानं जायला सांगितलं, आणि स्वतःही खाली मान घालून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी येरमाळ्याला निरोप धाडला की जोड रद्द. चूक वस्तादाची, गड्याला नको तेवढा राबवला. एवढंच धाडलं.

गावानं मात्र सोडलं नाही. सडकेवरच्या हॉटेलात त्याच्यावर टवाळी झाली, पोरांनी मागून नावं ठेवली. कित्येक महिने तो तालमीच्या वाटेनं गेला नाही. शिवम्मा सुनेशी गोड बोलली असं काही झालं नाही. पण एका सकाळी महादेवी उठली तेव्हा चुलीवर वाटी आधीच चढलेली होती आणि सासू पिचकारी फडक्यानं पुसत बसली होती. नातवाचं ती एकदाच बोलली, आणि बोलता बोलता रडली.

अंग हळूहळू परतलं, महादेवीचं अंथरूणही नवऱ्याच्या खोलीत परत आलं. पावसाळा संपता संपता तो कणगीपासून दारापर्यंत पोतं नेऊ लागला. दिवाळीला न्हाव्यानं त्याच्या दाढीवर दोनदा वस्तरा फिरवला आणि या खेपेला काही बोलला नाही. वस्ताद एक दिवस स्वतः बोलवायला आले. आता ते त्याला एक दिवस मेहनत आणि दोन दिवस विसावा देऊ लागले, आणि मधेच पाण्याचा गडू स्वतः पुढं करू लागले.

पुढच्या चैत्रात येरमाळ्याला तो उतरला. बिराप्पाशी नव्हे, नारळाच्या, म्हणजे पोरासोरांच्या, कुस्त्यांनंतरच्या एका मधल्या जोडीत, कळंबकडच्या एका पोरगेल्याशा गड्याशी. महादेवी देवळाच्या वाटेवर बायांत बसली होती. आखाड्यावरची हलगी ऐकू यायची आणि तिची बोटं पदराचा काठ चुरगाळत राहायची. कुस्ती लांबली. लोक ओरडले, गप्प झाले, पुन्हा ओरडले. शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. धुळीनं माखलेला कल्याणप्पा येऊन तिच्यापाशी उभा राहिला. त्याची छाती भात्यासारखी चालत होती. तिनं आधी त्याच्या मांड्यांकडं बघितलं.

खरी भीती पुढंच होती. रातोरात ते जळकोटला परतले आणि दुसऱ्या दिवशी तो अंथरुणातून उठला तो कण्हत. दंड वर जाईना, मांड्या धरल्या होत्या. महादेवी दिवसभर त्याच्याभोवती घोटाळली. गोठ्यामागं गेला तेव्हा ती कोपऱ्यावर उभी राहिली. तो ओरडून म्हणाला की साधं पाणी हाय, जा तू. तिला खरं वाटेना. तिनं जाऊन बघितलं. त्या रात्री झोपताना उद्या ठणक उतरली नाही तर काय, हे एकच दोघांच्याही मनात होतं.

तिसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं. आडापाशी नव्हता, गोठ्यात नव्हता. ती सडकेपर्यंत पळत गेली. तालमीच्या भिंतीपलीकडून हौद्यात कुणीतरी खोरं मारत होतं, एका लयीत, न थांबता. ती तिथंच थांबून ऐकत राहिली. पळत आल्यानं तिचा श्वास अजून बसला नव्हता.

घरी परतली तर शिवम्मा दारात उभी होती.

"कुठं हाय?"

"तालमीत."

"चालत गेला?"

"चालत," महादेवी म्हणाली, आणि उतरंडीतला डबा काढायला आत गेली. आज सुईचा दिवस होता. डब्यात दोनच बाटल्या उरल्या होत्या; उद्याच्या बसनं सोलापूर गाठायला हवं होतं, आणि तिथला औषधांचा दुकानदार म्हणाला होता की माल कधी येतो, कधी येत नाही.